चार लाल झेंडे

थीम पार्कमागच्या मोकळ्या जागेत चार लाल झेंडे दिसले आणि पार्कच्या चाहत्यांच्या आमच्या ग्रुपला चैन पडेना. “नवं हॉटेलच येतंय!” मी तर सात मजले नि गच्चीवर पोहायचा तलाव असं चित्रच काढून ग्रुपवर टाकलं. दोन दिवसांत ते जगभर फिरलं.

शेवटी न राहवून तिथे माळीकाम करणाऱ्या मामाला फोन लावला.

“अगं, कसलं हॉटेल न् कसलं काय! तिथे टिटवीने अंडी घातलीत. कुणाचा पाय पडू नये म्हणून मीच लावलेत झेंडे.”

मी खजील होऊन चित्र ग्रुपवरून काढून टाकलं.

पंधरा दिवसांनी मामाचाच फोन आला.

“पार्कच्या साहेबांना तुझं हॉटेल फार आवडलंय गं. उद्या जेसीबी येतोय, आणि अंड्यांतून पिल्लं अजून बाहेर यायचीयत.”