मूळ रंग

पॉलिशच्या मशीनचं पांढरं पॅड जुन्या गाडीच्या बॉनेटवरून दोनदा फिरलं आणि मरून झालं. स्टुलावर बसून पहारा देणारे काका ताडकन उठले.

"अहो ताई, रंग निघतोय."

"निघायलाच हवा, काका," पॉलिशवाली म्हणाली. "जुन्या रंगावर हल्लीसारखा पारदर्शक थर नसायचा, म्हणून तो पॅडला लागतो. पॅड मरून झालं म्हणजे रंग कारखान्यातलाच."

काकांचा जीव भांड्यात पडला. उद्याच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात त्यांनी 'मूळ रंग' या गटात नाव दिलं होतं. बत्तीस वर्षांत या गाडीला आपल्याशिवाय कुणी हात लावलेला नाही, हे सकाळपासून चारदा सांगून झालं होतं. आता ते एकेक मरून पॅड फळीवर पदकांसारखं मांडू लागले. काकूंना हाक मारून त्यांनी ते सगळं कौतुक दाखवलंही.

बॉनेट झालं, छत झालं, उजवं दार झालं. पॉलिशवाली डाव्या दाराशी आली. नवं पॅड लावून तिने मशीन फिरवलं, उलटं करून बघितलं, पुन्हा फिरवलं. पॅड पांढरंच.

नेमक्या तेव्हाच काकू चहा घेऊन आल्या. पॅड बघून त्या जागीच थबकल्या, आणि नवऱ्याच्या पाठीमागून त्यांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

पॉलिशवालीची पंचाईत झाली. बोलावं तर काकू अडकणार. न बोलावं तर उद्या परीक्षक पांढरं फडकं घासून बघणार आणि काकांची चारचौघांत शोभा होणार. त्यापेक्षा घरातल्या घरात झालेलं बरं.

"काका, हे दार नंतर रंगवलंय."

"शक्यच नाही."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? काकूंनी ट्रे खाली ठेवला.

"मी रंगवून घेतलंय. तुम्ही आठवडाभर परगावी होतात. मी किल्ली घेतली, आणि फाटकाचा खांब मध्ये आला."

काकांनी त्या दारावरून हात फिरवला. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसतच होतं. मग त्यांनी खिशातून प्रदर्शनाचा फॉर्म काढला आणि 'मूळ रंग'वर सरळ रेघ मारली.

"जाऊ दे," ते मोठ्या मनाने म्हणाले. "चुकतं माणूस." आणि मग जरा हळू आवाजात, "ताई, ते उजवीकडचं मागचं मडगार्ड राहू द्या. त्याला पॉलिशची गरज नाही."

"का हो?" काकूंनी विचारलं.

काकांनी चहाचा कप उचलला आणि ते त्यात बघत बसले.

काकूंनी एक कोरं पॅड घेतलं, त्यावर पॉलिशचा थेंब टाकला आणि गाडीला वळसा घालून मडगार्ड हाताने चांगलं खसखसून घासलं. मग परत येऊन त्यांनी ते पॅड नवऱ्याच्या नाकासमोर धरलं.

"बघा तरी," त्या म्हणाल्या, "किती स्वच्छ आहे."