नरकासूरचा नवा गिटारिस्ट

गिटारिस्ट निनाद नोकरीसाठी कॅनडाला गेला आणि मिरजेतल्या ‘नरकासूर’ या डेथ मेटल बँडचा अल्बम अर्ध्यावरच अडकला. आता बँड बंद करायचा, असं गायक हंबीरने जाहीरही करून टाकलं.

शेवटच्या तालमीला निनादची आई, नलिनीकाकू, त्याची गिटार खांद्याला अडकवून आल्या. लग्नाआधी त्या हवाईयन गिटार वाजवायच्या.

“इतकी वर्षं भिंतीपलीकडून तुमची गाणी ऐकतेय,” त्या म्हणाल्या. “अर्धवट टाकलेलं काम मला बघवत नाही.”

काकूंनी बँडचं ‘कुजलेली प्रेतं’ हे गाणं असं काही वाजवलं की ड्रमर वाजवायचंच विसरला. हंबीर तर बेंबीच्या देठापासून डरकाळला.

“छान! पण मिठाच्या गुळण्या करत जा रे,” काकू म्हणाल्या.

अल्बम आला, गाजला. कॅनडाहून निनादचा फोन आला.

“आई, नवा गिटारिस्ट कोण गं? माझ्यापेक्षा भारी वाजवतोय.”

“मीच.”

निनाद चाचरत म्हणाला, “मी परत आलो तर?”

“ये की. पुरणपोळी करते,” काकू म्हणाल्या. “पण बँडमध्ये जागा नाही हं.”