अंगातला शर्ट

तळ्यात सापडलेल्या तरुणाची ओळख महिना उलटला तरी पटेना. चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता, अंगातला शर्ट चिखलाने काळवंडला होता. पोलिसांनी हात टेकले, पण गावातल्या छोट्या पेपरचा बातमीदार हटेना. शर्टाचे फोटो मिळवून तो शिंप्यांची दुकानं पालथी घालू लागला.

शेवटी त्याने आपल्या नेहमीच्या शिंप्याला गाठलं. म्हाताऱ्याने उलट्या केलेल्या शर्टाचा फोटो डोळ्यांजवळ धरला.

"शिलाई माझीच आहे."

"कोणासाठी शिवला होता, काका?"

शिंपी गोंधळून त्याच्याकडे बघत राहिला. "अरे, तुझा डावा खांदा उतरता आहे. ही आतली पट्टी मी फक्त तुझ्या शर्टांना लावतो."

बातमीदाराने फोटो पुन्हा हातात घेतला. धाकटा भाऊ त्याच्याशी भांडून घरातून निघाला, तेव्हा जाताना त्याचेच दोन शर्ट घेऊन गेला होता. राग शांत झाला की येईल परत, असं सगळे धरून चालले होते.

घरी आईने दार उघडलं. "लागला का पत्ता त्या पोराच्या घरच्यांचा?"

"लागला."

"मग उभा काय राहिलास? जा, सांग त्यांना. त्याची आई वाट बघत असेल."