आठ खिडक्यांची धूळ

शिवणकाम करणाऱ्या आजींनी पिशवीतून वही काढली, वहीतून एक चकचकीत कागद काढला आणि दोन्ही हातांनी मायक्रोस्कोप चालवणाऱ्या ऑपरेटरबाईंसमोर धरला. कागदावर चिकटपट्टीचे आठ तुकडे ओळीने चिकटवलेले होते. प्रत्येकाखाली तारीख, वेळ आणि कुणाच्या घराची खिडकी ते. विद्यापीठाच्या नॅनोतंत्रज्ञान केंद्राने गेल्या महिन्यात वस्तीत येऊन वर्ग घेतला होता, तिथं शिकवलं तस्संच. पट्टी धुळीवर एकदाच दाबायची, घासायची नाही, बोट लावायचं नाही. केंद्रातल्या पोरांनीसुद्धा इतक्या नीट पट्ट्या कधी आणल्या नव्हत्या.

"आमच्या गल्लीतली धूळ आहे," आजी म्हणाल्या. "मागे दगड दळायचा कारखाना आहे. मालक म्हणतो, ही आमची नाहीच, झाडाफुलांची आहे. माझी नात आडवी झाली की तिला धाप लागते, बसल्या बसल्या झोपते पोर. आमच्या तक्रारीची उद्या सुनावणी आहे. तुम्ही बघून सांगा, कसली धूळ आहे ती."

ऑपरेटरबाईंनी कागद हातात घेतला नाही. कारण त्यांच्या मशीनला तीन आठवड्यांपासून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. हवा खेचून घेणारा पंप बंद पडला होता, आणि आतली हवा काढल्याशिवाय इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप म्हणजे नुसतं महागडं कपाट. दुरुस्तीवाला पुढच्या महिन्यात येणार होता. पण केंद्राचा आजचा खुला दिवस आधीच जाहीर झालेला. पत्रकावर ठळक छापलेलं, 'घरातली कुठलीही वस्तू आणा, आम्ही ती लाखपट मोठी करून दाखवू.' विभागप्रमुखांना पाहुण्यांसमोर नाक कापून घ्यायचं नव्हतं. त्यांनी सकाळीच तोडगा सांगितला. वस्तू आत ठेवायची, दार लावायचं, दोन मिनिटं बटणं दाबत बसायचं, मग जुन्या फोल्डरमधला मिळताजुळता फोटो पडद्यावर आणायचा. लोकांना कुठं कळतंय, ते मौज बघायला येतात.

सकाळपासून हेच चाललं होतं. कुणी केस आणला, केस दाखवला. कुणी मीठ आणलं, मीठ दाखवलं. केस तो केसच, अशी ऑपरेटरबाईंनी मनाची समजूत घातली होती. आता मात्र त्या उठल्या. विभागप्रमुखांना बाजूला घेऊन म्हणाल्या की या आजींना खरं काय ते सांगू या, पंप सुरू झाला की बोलावून घेऊ या. विभागप्रमुखांनी ओठ न हलवता सांगितलं की पाहुणे मागेच उभे आहेत. मग त्यांनी आजींच्या हातातला कागद घेऊन मशीनमध्ये ठेवला, दार लावलं आणि स्वतःच माउस हातात घेतला.

पडद्यावर काटेरी गोळे उमटले, एकाला एक लागून.

"परागकण," विभागप्रमुख म्हणाले. "फुलांची धूळ. अगदी नैसर्गिक."

एवढा शिकलेला माणूस, पण जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

आजी पडद्याजवळ सरकल्या. आठही खिडक्यांवर हेच का, असं त्यांनी विचारलं. हेच, असं उत्तर मिळालं. त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी हुज्जत घातली नाही. वहीत 'परागकण' लिहून घेतलं, आणि या फोटोची प्रत सहीशिक्क्यासकट मिळेल का, असं विचारलं. उद्या चारचौघांत त्या कारखानदाराची माफी मागावी लागेल, म्हणाल्या, दोन वर्षं त्याच्या नावाने ओरडतोय आम्ही.

"अहो, त्याच्यासाठी कशाला एवढं," पाहुण्यांपैकी एक बाई म्हणाल्या.

"धूळ त्याची नसेल तर नसेल," आजी म्हणाल्या. "खोटं बोलून माझ्या नातीला थोडंच बरं वाटणार आहे?"

विभागप्रमुखांनी प्रत काढली. तिच्यावर झोकदार सही केली. शिक्काही मारला, चांगला दाबून. विज्ञान समाजापर्यंत पोचतं ते असं, असं कुणीतरी म्हणालं आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांनी ऑपरेटरबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. विभागप्रमुखांचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. सकाळपासून बटणं त्यांनीच तर दाबली होती. त्या मशीनपाशी गेल्या आणि एका बोटाने दार ओढलं. ते लगेच उघडलं.

"आजी, आतली हवा काढलेली असती ना, तर दोन माणसांनी ओढूनसुद्धा हे दार उघडलं नसतं," त्या म्हणाल्या. "पंप तीन आठवडे बंद आहे. तो फोटो जुना आहे. तुमची धूळ अजून कुणी बघितलेलीच नाही."

मग विभागप्रमुख हसले. तांत्रिक अडचण होती, म्हणाले, हे आपलं लोकांना गोडी लागावी म्हणून केलेलं प्रात्यक्षिक, मनावर घेऊ नका. आणि बोलता बोलता त्यांनी सही केलेला कागद परत घ्यायला हात पुढे केला.

आजींनी तो दिला नाही. आधी मशीनमधल्या आपल्या पट्ट्या घेतल्या, आठही आहेत ना ते पाहिलं, वहीत ठेवल्या. मग सहीचा कागद टेबलावर पालथा घातला आणि कापड कापायच्या आधी करतात तसा तळहाताने सपाट केला.

"मागची बाजू कोरी आहे साहेब. इथं लिहा, आम्ही बघितलं नाही म्हणून. आणि शिक्का मघाचाच मारा, तसाच दाबून."