समुद्र दिसणारी खोली

त्या किनाऱ्यावर नियम कडक होता: मालक स्वतः घरात राहत असेल, तरच पर्यटकांना खोल्या देता येत. तपासणीचा निरोप आला आणि त्याची पाचावर धारण बसली. घर आईच्या नावावर, आणि आईला त्याने केव्हाच ताईकडे नेऊन ठेवलेलं. काय करणार, समुद्र दिसतो म्हणून गिऱ्हाइकं आधी तिचीच खोली मागायची.

सकाळी तो तिला गाडीतून घेऊन आला. लहानपणी खोटं बोललं म्हणून जिने कान पिळले, तिलाच वाटभर खोटं पढवत. तिला पलंगावर बसवून त्याने उशाशी तिचा चष्मा आणि औषधांचा डबा मांडला.

"आजी, इथेच राहता ना?" तपासनिसांनी विचारलं.

"या वयात आणखी कुठे जाणार?" आई हसली. "ही खिडकी नसली तर मला झोप लागत नाही, साहेब."

हे त्याने पढवलं नव्हतं.

साहेबांना फाटकापर्यंत सोडून, सुटलो एकदाचे म्हणत तो खोलीत आला. आईने चादर ताणून सारखी केली होती. चहाचा कप धुऊन पालथा घातला होता. पिशवी काखोटीला मारून ती दारामागची, त्यानेच पाहुण्यांसाठी चिकटवलेली सूचना वाचत होती: 'जाताना खोली होती तशी करून ठेवावी.'

"बघ रे जरा," ती म्हणाली, "इथे कोणी राहत होतं असं वाटत नाही ना आता?"