एका नावाचे पाच

"हा फोटो माझ्या बाबांचा आहे, आणि तो तुम्ही भलत्याच माणसाच्या माथी मारलाय," असं म्हणून बाईंनी चरित्रकोशाचा जाडजूड खंड संपादकांच्या टेबलावर उघडून ठेवला.

संपादकांनी चष्मा पुसला. पान ओळखीचं होतं. एकाच नावाची, एकाच आडनावाची पाच नामवंत माणसं त्या पानावर दाटीवाटीनं बसली होती: एक पहिलवान, एक न्यायाधीश, एक दंतवैद्य, एक वनस्पतिशास्त्रज्ञ आणि एक नाटकांचा संगीतकार. कचेरीत त्या पानाला 'पंचायत' म्हणत, कारण कुणा ना कुणाच्या घरून तक्रार यायचीच. दातांच्या नव्या धर्तीच्या कवळीचा शोध पहिलवानाच्या नावावर गेला तेव्हा तर दंतवैद्याचे जावई थेट वकील घेऊन आले होते.

"बाबा वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि फोटो संगीतकाराच्या नोंदीत. ही भुवईवरची खोक बघा. झाडावरून पडले होते, मी सात वर्षांची असताना."

"पुरावा?" संपादकांनी विचारलं. या एका शब्दापायी हाताखालचे लोक त्यांना पाठीमागे 'पुरावेबुवा' म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

बाईंनी पर्समधून घरचा फोटो काढला. तोच चेहरा, तीच तुटकी भुवई, मांडीवर दोन वेण्यांची मुलगी. वादच मिटला. कोशातला फोटो पंधरा वर्षांपूर्वी ज्या कारकुनानं मिळवला, तो आता हयात नव्हता. गेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडणं सोपं असतं. संपादकांनी ते फोडलं नाही, माफी मागितली.

"आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे," बाईंचा आवाज खाली आला. "बाबा आठ महिने रानात असायचे, उन्हाळ्यात तेवढे घरी. बावीस वर्षांपूर्वी हिवाळ्यात रानातून पत्र आलं, ते शेवटचं. बाबा नाही आले. आई अजून दार नुसतं लोटून ठेवते, कडी लावत नाही. तुमच्या कोशात त्यांच्या जन्मसालापुढे रेघ आहे आणि रेघेपुढे प्रश्नचिन्ह. त्यावरून ती बोट फिरवत बसते. तिची नजर आहे तोवर निदान चेहरा तरी त्यांच्या नावापाशी येऊ दे."

संपादकांना गलबलून आलं. "फोटोचं करतो, ताई. सालाचं मात्र पुराव्याशिवाय काही करता येणार नाही."

नवी आवृत्ती आठवड्याभरात छापायला जायची होती. पण कोशाचा नियम होता: एका नोंदीतला फोटो दुसरीकडे न्यायचा तर पहिल्या घराची लेखी संमती हवी. संगीतकार वारले होते, त्यांची पत्नी होती. त्या घरून पंधरा वर्षांत तक्रारीचं एक पत्र नव्हतं. भली माणसं, असं मनाशी म्हणत संपादक दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोचले.

खोलीत झाकून ठेवलेला पियानो होता आणि त्यावर औषधांच्या बाटल्या. म्हाताऱ्या बाईंनी पाणी दिलं.

"त्यांच्याबद्दल सांगा ना, मावशी," संपादकांनी सुरुवात केली.

"काय सांगू? आठ महिने नाटकांचा हंगाम, तालमी, चहा आणि भांडणं. उन्हाळ्यात थिएटरं बंद झाली की हा माणूस घरात टिकायचा नाही. कानांना हवापालट हवी, म्हणायचे. शेवटची सहा वर्षं मात्र कुठेही गेले तरी पत्र टाकायचे. तेवढी सुधारणा झाली." त्या हसल्या. "काम काय काढलंत?"

संपादकांनी सगळं सांगितलं. चूक, मुलगी, रानात हरवलेले वडील, प्रश्नचिन्ह, न लावलेली कडी. मग दोन्ही फोटो पुढे ठेवले.

बाईंनी घरचा फोटो उचलला आणि बराच वेळ हातात धरला.

"मुलगी गोड आहे."

"आता पन्नाशीची आहे."

"आणि आई कडी लावत नाही?"

"नाही."

"मग थंडीत गार वारा येत असेल घरात." त्यांनी फोटो जपून खाली ठेवला. "चूक तुमचीच आहे. हे माझे यजमान नव्हेत. आणा कागद."

त्यांनी सावकाश सही केली. वय झालं होतं.

"तुमच्याकडचा एखादा फोटो मिळाला तर—"

"नाही. नाटकवाला पडद्यामागेच बरा, म्हणायचे."

"मग तुमच्या नोंदीतली जागा कोरी राहील, मावशी."

"राहू दे. इतकी वर्षं होता ना फोटो तिथे. पुष्कळ झालं."

संपादकांनी कागद पिशवीत घातला. काम इतकं सरळ होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. एका म्हातारीची इच्छा पुरी होणार, याचा त्यांना मनापासून आनंद झाला. ते जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले तोच मागून हाक आली.

"अहो, ते प्रश्नचिन्हही काढा. शेवटचं पत्र आलं त्याच हिवाळ्यात गेले ते. डिसेंबर संपता संपता, पहाटे. आणि त्या बाईंना सांगा, शेवटी त्रास झाला नाही, आता दाराला कडी लावा म्हणावं."

संपादक कठडा धरून उभे राहिले. जन्माची सवय, शब्द आपोआप तोंडून गेले.

"पुरावा काय लिहू?"

"मी उशाशी होते," बाई म्हणाल्या.