एकोणतीस तारखेची ताटं

"मेकॅनिकला बोलावू या," डॉन आन्सेल्मो पुन्हा म्हणाले.

"मी असताना? कशाला, काका?" उलिसेसने बाह्या वर सारल्या आणि डिशवॉशरसमोर सरळ गुडघे टेकले. "संत्र्याच्या बागांचे पंप मी डोळे मिटून खोलतो. हा तर डाव्या हाताचा मळ."

मशीन सुरू होत होतं, आतून घरघर ऐकू येत होती, पण फवारा म्हणावा असा उडत नव्हता. काल रात्रीची ताटं आत तशीच होती, टोमॅटोचा रस्सा वाळून चिकटलेली. म्हाताऱ्याने सकाळी पावाच्या दुकानात हे रडगाणं गायलं, तेव्हा उलिसेसला तिथेच नाचावंसं वाटलं. मशीन का बिघडलं ते अख्ख्या साल्तो गावात त्या एकट्याला ठाऊक होतं.

काल एकोणतीस तारीख. घरोघरी नोकी, म्हणजे बटाट्याच्या पिठाच्या छोट्या गोळ्या, शिजल्या होत्या, आणि रीतीप्रमाणे प्रत्येकाने आपापल्या ताटाखाली एक नोट सरकवली होती, येता महिना भरभराटीचा जावा म्हणून. उलिसेस आईसह आन्सेल्मोंकडे जेवायला होता. त्यांची मुलगी नोएलिया हिच्या ताटाखाली मात्र नोटेच्या जोडीला आणखी काहीतरी होतं. कोणाचं लक्ष नाही असं पाहून उलिसेसने तिथे अंगठी ठेवली होती.

नोट काढायला ती ताट उचलेल, अंगठी बघेल, मग आपण विचारू, असा त्याचा बेत. ती नाही म्हणेल ही शंका त्याला शिवलीसुद्धा नव्हती. पण नेमकं त्याच वेळी आन्सेल्मोंनी त्याला कुत्र्याचं नवं घर दाखवायला अंगणात ओढून नेलं. परत आला तर टेबल साफ, ताटं मशीनमध्ये, आणि नोएलिया त्याच्या आईबरोबर ओट्याशी पेले पुसत उभी. चारचौघांत काय विचारणार? अंगठी ताटाला चिकटून आत गेली हे त्याने ताडलं. आज फवारा बंद पडल्याचं कळलं आणि उरलीसुरली शंकाही फिटली.

सकाळी पाना आणायला तो घरी गेला होता, तेव्हा आईने जबरदस्तीने न्याहारीला बसवलं. पावाला लोणीसुद्धा तिनेच लावून दिलं. "थांब जरा, बोलायचंय," ती म्हणाली. "आल्यावर!" म्हणत तो बाहेर पडलाही.

नोएलिया स्वयंपाकघरात आली आणि त्याला पाहून दारातच थबकली.

"तू येशील असं वाटलं नव्हतं मला."

"का बरं?"

"असंच." ती ओट्याला टेकली. "तुझ्या आईशी बोललास ना?"

"बोललो की." लोणी जास्त झालं, एवढं तर तो बोललाच होता.

"आणि तरी आलास. तुझं मन फार मोठं आहे, उलिसेस."

त्याचे कान तापले. डिशवॉशर खोलायला मन कशाला मोठं लागतंय? पण कौतुक कोणाला नको असतं!

त्याने खालची जाळीची टोपली ताटांसकट बाहेर ओढली. फवारा मारणारी पाती बोटाने ढकलून पाहिली, तर ती मोकळी फिरली. ती त्याने उपसून काढली. भोकांत बटाट्याचं पीठ बसलं होतं. दातकोरण्याने त्याने एकेक भोक कोरलं, मग पाती कानाशी धरून हलवली. आत काही खुळखुळलं नाही. वरच्या पातीतही काही नव्हतं.

"झालं तुझं इंजिनिअरिंग?" आन्सेल्मोंनी ‘माते’ या कडू चहाची नळी तोंडातून काढून विचारलं. "की बागेतला पंपच आणतोस?"

"थांबा हो. रोग कळलाय मला, फक्त जागा सापडायचीये."

तळाची गाळणी फिरवून त्याने वर काढली आणि खळग्यातल्या गढूळ पाण्यात हात घातला. बोटांना काहीतरी लागलं.

"घोडं इथे पेंड खातंय!" तो ओरडला आणि हात बाहेर काढला. हातात चुरगळलेली, लिबलिबीत झालेली नोट होती.

"माझी!" आन्सेल्मो उडालेच. "काल ताटाखालून काढायचीच राहिली!"

"पंपाच्या तोंडावर बसली होती, काका. पंपाला पाणीच मिळेना, मग फवारा कुठून उडणार?" उलिसेस म्हणाला खरा, पण त्याची नजर खळग्यातच होती.

सगळं जागच्या जागी बसवून त्याने बटण दाबलं. आतून सणसणीत फवाऱ्याचा आवाज आला, पाती गरगर फिरू लागली. आन्सेल्मोंचा जीव भांड्यात पडला. ते नोट वाळत घालायला अंगणात गेले.

उलिसेसने मात्र मशीन बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"आता काय राहिलं?" नोएलियाने विचारलं.

"काल तुझ्या ताटाखाली मी एक वस्तू ठेवली होती. ती इथेच आहे, कुठे जातेय!" तो हसला. गुडघ्यांवर तर तो होताच. विचारायला याहून चांगली वेळ कुठली? "सापडेपर्यंत कशाला थांबू? नोएलिया, अंगठी आहे ती. माझ्याशी लग्न करशील?"

नोएलिया त्याच्याजवळ फरशीवर बसली. तिने त्याचा हात पाण्यातून बाहेर काढला आणि फडक्याने सावकाश कोरडा केला.

"तू तर म्हणालास, आईशी बोललास," ती म्हणाली. "अंगठी मी काल रात्रीच त्यांच्या हातात परत दिली रे."